अम्मीचा मिजाज

अम्मीच्या बोटातली चांदीची अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, तेव्हाच खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. ती अंगठी अब्बांनी लग्नानंतरच्या पहिल्या ईदला घेतलेली. बोट सुजून लाल झालं होतं. सोनारानं बारीक कानसीनं अंगठी कापली. अम्मीनं हात पुढं केला, काम झाल्यावर मागं घेतला. दोन तुकडे काचेवर पडले होते, तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. मीच उचलून खिशात टाकले. घरी येताना रिक्षात मी मनात म्हणालो, बघा, नवरा गेला तर बाईला त्याच्या अंगठीचंही काही वाटेना झालंय.

आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. म्हणून हे लिहितोय.

आम्ही मणियार. मिरजेचे. अम्मीनं चाळीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. आरग, बेडग, म्हैसाळचे बाजार, मिरासाहेबांचा उरूस, आणि लगीनसराईत घरोघरी. समोरच्या बाईचा हात हातात घेतला की माप तोंडातून बाहेर पडायचं, "सव्वादोन", "अडीच". कधी चुकायचं नाही. अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून, हात चेपत बांगडी अशी सरकवायची की बाईला कळायचंही नाही. तोंडही तसंच चालायचं. कुणी म्हणालं, "चाची, भाव कमी करा की," तर म्हणायची, "करते की बाई, तू आधी मनगट कमी कर." घरात ती दख्खनी बोलायची, बाजारात अस्सल मिरजेची मराठी. दोन्हीकडं वेग तोच. अब्बा शांत माणूस. ते म्हणायचे, तुझ्या अम्मीचा मिजाज म्हणजे स्टोव्ह, पंप मारला की भडका.

अब्बा गेले २०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या आठवड्यात. कफनाचं कापड आणायला पाचशेची नोट चालेना, शेजारच्या किराणावाल्यानं शंभराच्या नोटा दिल्या, एवढंच त्या दिवसातलं मला नीट आठवतं. मग अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. ती गप्प होती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, माशाल्लाह, काय सब्र आहे. आम्हालाही तिचं कौतुक वाटलं. एरवी भांडी आपटणारी बाई एक शब्द बोलत नव्हती.

मार्चमध्ये इद्दत संपली. अम्मी उठली नाही.

म्हणजे उठायची. पण कशी? पलंगावरून पाय खाली सोडून बसायची आणि तशीच बसून राहायची. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा तोवर दुसऱ्या खोलीत गेलेला असायचा. दूध उतू जायचं आणि ती गॅससमोरच उभी असायची. एप्रिलच्या उन्हात, पत्रा तापून घराची भट्टी झालेली असताना, अंगावर अब्बांचा स्वेटर. "मेरे कू थंड लगती," एवढंच म्हणायची. आम्ही समजलो, अब्बांची आठवण म्हणून घालते. किती सुंदर अर्थ लावला आम्ही! माझ्या बायकोला तर त्यावर रडू यायचं. त्या बाईला खरोखरच थंडी वाजत होती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आवाज बसला, घोगरा झाला. पुण्याहून बहिणीनं फोन केला आणि अम्मीच्या "हॅलो"वर विचारलं, "कोण बोलतंय?" जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, तरी अंग वाढत चाललं. चेहरा सुजल्यासारखा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. केस गळून न्हाणीघराच्या जाळीत अडकायचे. ईसबगोल रोजचा. आणि झोप. झोप म्हणजे विहीर, तिच्यात पडलेली बाई वर येईच ना.

बाजारही तिनं दोनदा करून पाहिला, तो बहिणीच्या आग्रहानं. अम्मीच्या हातून बांगड्या वाढायला लागल्या. काचेची बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण लग्नाच्या चुड्यातल्या चार बांगड्या एका बैठकीत वाढल्या, तेव्हा नवरीच्या आत्यानं हात मागं ओढला. अम्मी म्हणाली, बोटं मेलीत माझी, कळतच नाही काही. ते आम्ही बोलण्याची एक तऱ्हा म्हणून सोडून दिलं. पुढं कळलं, या आजारात मनगटाजवळची नस दाबली जाऊन बोटं खरंच बधिर होतात. चाळीस वर्षं ज्या बोटांनी माप ओळखलं त्यांनाच काही कळेना झालं होतं, आणि बाई ते साध्या शब्दांत सांगत होती.

आता आम्ही काय केलं ते.

शेजारणी म्हणाल्या, दुखवटा लांबलाय. एक जण म्हणाली, सुनेवर सगळं टाकून आराम करते. खालाजान म्हणाली, यह असर है. मग दम केलेलं पाणी आलं, ताविज आला, सात गुरुवार दर्ग्यात बसणं झालं. या गोष्टींची टर उडवायला मी हे लिहीत नाही. खालाजान निदान तिचा हात धरून रोज तासभर बसायची. मी काय केलं? मी शाळामास्तर, वाचणारा-लिहिणारा माणूस. एका पहाटे फज्रची अजान झाली तरी अम्मी उठली नाही, तेव्हा मी तिच्या पलंगाशी उभा राहून म्हणालो, "अब्बांना अल्लाहनं नेलं, त्याची मर्जी. तू अशी का वागतेस? ईमान इतकं कमजोर झालं का तुझं?"

ती बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "हं."

गल्लीतल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, झोपेची गोळी दिली (जी आधीच चौदा तास झोपत होती तिला!) आणि सांगितलं, वय झालं. वय होतं अठ्ठावन्न. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून लोक इथं उपचाराला येतात, स्टेशनवर उतरलं की रिक्षावाला विचारतो, कुठला दवाखाना? त्या गावात आम्ही दोन वर्षं काढली. शेवटी २०१९ च्या जानेवारीत बहीण पुण्याहून आली, अम्मीला पाहून हादरली आणि म्हणाली, हिला मानसोपचाराच्या डॉक्टरकडं न्यायचं, उद्याच. मला त्या जिन्यावर कुणी ओळखीचं भेटेल याची काळजी.

त्या डॉक्टरांनी अम्मीला फारसं काही विचारलं नाही. चेहरा पाहिला, हाताची कातडी पाहिली, नडगीवर बोट दाबून पाहिलं. मग गुडघे टेकवून खुर्चीवर बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत जायला उगाचच वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, "मनाची गोळी नंतर बघू. आधी रक्त."

रिपोर्टवर टीएसएच होतं ९२. साधारण चारच्या आसपासपर्यंत ठीक मानतात.

हे आकडे काय असतात ते मला डॉक्टरांनी समजावलं, मी ते आपल्या भाषेत सांगतो. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, वजन वीस-पंचवीस ग्रॅम. तीच थायरॉईड. ती जो रस रक्तात सोडते त्यावर शरीराची गती ठरते: नाडी किती वेगानं चालेल, अंगात ऊब किती राहील, आतडी किती हलतील, मेंदू किती चपळ राहील. तिच्यावर देखरेख ठेवणारी दुसरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी. ती म्हणजे मुकादम. मजूर ढिला पडला की मुकादम ओरडतो. टीएसएच म्हणजे त्या ओरडण्याचा आवाज. अम्मीचा मुकादम घसा फुटेपर्यंत ओरडत होता आणि मजूर निपचित पडलेला. कारण असं की शरीराच्या राखणदारांनीच त्या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला केला होता. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरनं १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथी तपासून याचं वर्णन केलं, म्हणून आजाराला त्यांचं नाव. पुरुषांपेक्षा बायकांना हा कितीतरी पटीनं जास्त होतो. आणि बायकांचा थकवा, बायकांचं गप्प बसणं, बायकांचं फुगणं यांना आपल्याकडं आधीपासूनच इतकी नावं तयार असतात की आजाराचं नाव यायला जागाच उरत नाही.

घरी येऊन मी वाचत सुटलो. अपराध्यासारखा वाचत होतो. लंडनचे विल्यम गल यांनी १८७३ साली हा आजार नोंदवला, तो मोठ्या वयाच्या बायकांमध्येच. १८८८ साली तिथल्या वैद्यकमंडळानं शंभरावर रोग्यांची माहिती गोळा केली, तर जवळपास निम्म्यांना भ्रम किंवा भास होत होते. म्हणजे आळस नि उदासी ही पहिली पायरी, खाली अजून पायऱ्या आहेत. १९४९ साली रिचर्ड अॅशर नावाच्या डॉक्टरनं असे चौदा रोगी मांडले. लोकांच्या लेखी वेडे, आणि मूळ दुखणं गळ्यात. बहुतेकांना थायरॉईडच्या औषधानं उतार पडला.

औषधाची गोष्ट तर आमच्या घरात फार रंगली. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ती मरणपंथाला लागली होती. पुढं अठ्ठावीस वर्षं जगली, आणि तेवढ्या काळात आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. हे ऐकून खालाजाननं लगेच विचारलं, मग ही गोळी कशाची? जिबह केलेल्याची आहे का? प्रश्न हसण्यासारखा नाही. परदेशात अजूनही डुकराच्या वाळवलेल्या थायरॉईडची गोळी मिळते. पण आपल्याकडं रोजच्या वापरात असते ती थायरॉक्सिनची गोळी. तो रस १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत बनवून दाखवला गेला, आणि आजची गोळी कारखान्यात रसायनांपासून बनते, तिच्या थायरॉक्सिनशी कुठल्या जनावराचा संबंध नाही. एवढं ऐकल्यावर खालाजाननं बिस्मिल्लाह म्हणून पहिली गोळी स्वतःच्या हातानं अम्मीला दिली. ताविजही राहू दिला. राहू दे.

वाचता वाचता आणखी एक माणूस भेटला आणि त्यानं मला जास्त अस्वस्थ केलं, कारण तो आपला. अबू झैद अल-बल्खी. बल्खच्या मुलखातला, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानचा, इ. स. ९३४ मध्ये वारला. त्याचं शरीर आणि नफ्स, दोन्हींच्या तंदुरुस्तीवर एक पुस्तक आहे. त्यात तो दुःखाचे दोन प्रकार करतो. एक, ज्याचं कारण माहीत असतं: जिवलग गेला, माल बुडाला. दुसरं, ज्याला बाहेर कारणच सापडत नाही, कारण त्याचं मूळ शरीरात, रक्तात असतं. पहिल्याला समजुतीचे शब्द, सोबत, विचार यांचा उपाय. दुसऱ्यावर शरीराचा इलाज करा, असं तो सांगतो. अकराशे वर्षांपूर्वी! आणि मी २०१८ साली, हातात स्मार्टफोन घेऊन, आईला ईमानाबद्दल जाब विचारत होतो.

"मिजाज" हा शब्दही आपण किती हलका करून टाकलाय. युनानी हकीम मिजाज म्हणजे शरीराची घडण समजत. गरम-थंड, ओला-कोरडा. बलगमी मिजाजाच्या माणसाचं त्यांनी केलेलं वर्णन वाचा: थंड, सुस्त, फुगीर, झोपाळू, विसराळू. अम्मीची दोन वर्षं कुणी समोर बसून लिहून काढावीत तसं. त्यांना थायरॉईडचं काम माहीत नव्हतं, त्यांचं बलगमाचं गणित आज टिकत नाही, तो भाग वेगळा. पण स्वभाव आणि शरीर एकाच तागडीत तोलायचे असतात, ही समज त्यांच्याकडं होती. आपण मात्र मिजाज म्हणजे तोरा एवढंच शिल्लक ठेवलं.

गोळी अगदी थोडी सुरू केली, पंचवीस मायक्रोग्रॅम. इतके दिवस सुस्तावलेल्या हृदयाला एकदम दौड सोसत नाही म्हणून. दर सहा-आठ आठवड्यांनी रक्त, मग थोडी वाढ. चमत्कार वगैरे झाला नाही. आधी थंडी गेली, स्वेटर खुंटीवर गेला. मग आवाज. मार्चच्या शेवटी एका सकाळी आतून हाक आली, "कांदा असा कापतेत? बैलाला घालायचाय का?" माझी बायको सुरी हातात धरून माझ्याकडं पाहत उभी. सासूनं दोन वर्षांनी पहिल्यांदा टोमणा मारला होता, आणि ती बाई हसत होती.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

एप्रिलमध्ये टीएसएच सहावर आलं. त्याच आठवड्यात एका दुपारी मी शाळेतून आलो तर अम्मी कपाटाशी जमिनीवर बसली होती. अब्बांचा सदरा मांडीवर. रडत होती. डोळे पुसत नव्हे, आक्रोश करत. अंग गदगदत होतं. मी घाबरलो. वाटलं, गोळी उलटली. तिनं विचारलं, "उनके चप्पल किसको दिए तुम लोगां?" चप्पल आम्ही चाळिसाव्यालाच मशिदीबाहेर बसणाऱ्या एकाला देऊन टाकले होते. तिच्यासमोर, तिला विचारून. तिला आठवत नव्हतं. त्या दुपारपासून पंधरा-वीस दिवस ती रडली. शेवटच्या रात्री ते काय बोलले, पाणी मागितलं होतं का, कुणी दिलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला का, सगळं पहिल्यापासून विचारलं. मग अंगठी कुठाय ते विचारलं. मी टेबलाच्या खणातून दोन तुकडे काढून दिले. तिनं ते मुठीत धरले आणि मला म्हणाली, "कापेपर्यंत काय करत होतास तू?"

मी डॉक्टरांकडं धावलो. म्हणालो, उदासी वाढली, मनाची गोळी द्या आता. त्यांनी अम्मीशी अर्धा तास एकटीशी बोलून घेतलं. मग मला म्हणाले, "हा आजार नाही. नवरा गेलाय त्यांचा." थायरॉईड इतकं खाली गेलं की माणूस दुःखी होतोच असं नाही, पुष्कळदा त्याला काही वाटेनासंच होतं. रडायलाही अंगात रस लागतो. आम्ही ज्याला दोन वर्षं दुखवटा म्हणत होतो तो दुखवटा नव्हताच. तिची इद्दत आता सुरू झाली होती.

अल-बल्खीनं दोन खणांत ठेवलेली दुःखं आमच्या घरात एका बाईच्या अंगावर एकावर एक येऊन बसली होती. वरचं शरीराचं. त्याच्याखाली, न भोगलेलं, अब्बांचं. वरचं निघाल्याशिवाय खालचं दिसणार नव्हतं.

हे वाचून उद्या प्रत्येक जण गळ्याला हात लावून बसेल, म्हणून थोडं उलट बाजूनंही सांगतो. आपल्या देशातल्या आठ शहरांची एक पाहणी २०१३ मध्ये आली. त्यात शंभरात जवळपास अकरा प्रौढांना थायरॉईड कमी असल्याचं आढळलं. पण पुष्कळांचा आजार अगदी सौम्य असतो, आकडा थोडासा वर गेलेला. अशांची उदासी गोळीनं जाईलच याचा भरवसा नाही. २०१७ साली युरोपातल्या पासष्टीपुढच्या सातशेहून जास्त सौम्य रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. वर्षानंतर थकव्यात फरक काहीच नाही. आणि नैराश्य असलेल्या बहुतेक माणसांचं थायरॉईड ठणठणीत असतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ टीएसएच साडेपाच आल्यापासून आपली सगळी चिडचिड, व्यवसायातलं नुकसान आणि मुलाशी अबोला थायरॉईडच्या खात्यावर मांडतात. मनाच्या डॉक्टरकडं मात्र जात नाहीत. थायरॉईड म्हटलं की इज्जत जात नाही ना! रक्त एकदा तपासावं. ठीक असेल तर नैराश्याचा इलाज नैराश्य म्हणून घ्यावा, त्यात कमीपणा कसला?

स्वभाव कुठं संपतो आणि ग्रंथी कुठं सुरू होते, हे मलाही धड सांगता येत नाही. माझी एक भाची इचलकरंजीला दिलेली. लग्नानंतर वर्षभरात ती वाळत चालली, हात थरथरायचे, रात्री झोप नाही, शब्दाला शब्द. सासरचे म्हणाले, तोंडाळ आहे, घेऊन जा. बैठक बसायची वेळ आली. अम्मीच म्हणाली, आधी रक्त काढा. तिचं निघालं नेमकं उलट, ग्रंथी गरजेहून दुप्पट धावणारी. औषधानं ती शांत झाली, वजन भरलं, झोपू लागली, संसार टिकला. तोंड मात्र आहे तसंच आहे. सासूबाई आता म्हणतात, डॉक्टरांनी अर्धंच काम केलं.

त्या वर्षीचा रमजान मे महिन्यात आला. गोळी उपाशीपोटी घ्यायची, पुढं निदान अर्धा तास चहासुद्धा नाही, मग सेहरीचं काय? डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: सेहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून घ्या, नाहीतर रात्री झोपताना, जेवून तीन-चार तास झाल्यावर. पण आपल्या मनानं महिनाभर बंद ठेवू नका. अम्मीनं पहिली वाट धरली. साडेतीनला गजर, गोळी, मग त्या रिकाम्या वेळात तहज्जुद. सुटलेल्या नमाजांचा हिशोबही तिनं मांडला, वहीत, बांगड्यांच्या उधारीसारखा, उभ्या रेघा ओढून. मी म्हणालो, आजारी होतीस, अल्लाह माफ करणारा आहे. ती म्हणाली, "त्याचं आणि माझं आम्ही बघून घेऊ. तू त्या दिवशी काय म्हणाला होतास ते मला ऐकू आलं होतं. तोंड हलत नव्हतं फक्त."

मी माफी मागितली. तिनं पाठीत एक धपाटा घातला आणि विषय बंद केला.

ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, अर्धी सांगली पाण्यात गेली. बकरी ईद त्याच पुरात झाली. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पूरग्रस्तांसाठी रात्र-रात्र भाकऱ्या थापल्या, आणि परातीशी बसून सगळ्यांवर ओरडणारा आवाज अम्मीचा होता. दिवाळीच्या बाजाराला ती पुन्हा बांगड्या घेऊन बसली. बोटांची बधिरता पुरती गेलेली नाही, माप ती आता एकदाऐवजी दोनदा चाचपते. अंगठी सांधून घेतली, सांध्याची रेघ दिसते.

एक खोड मात्र मला लागली. अम्मी जरा गप्प बसली की मी विचारतो, गोळी घेतलीस का? मधे एकदा टीएसएच पुन्हा नऊवर गेलं होतं. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबरच घेत होती, त्यामुळं थायरॉईडची अंगी लागत नव्हती. दोन्हीत चार तासांचं अंतर ठेवल्यावर जागेवर आलं. तेव्हापासून माझा पहारा वाढला. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी ती चहाचा कप तसाच ठेवून खिडकीशी बसली होती. मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. माझ्या पोटात गोळा आला. जवळ जाऊन विचारलं, "अम्मी, गोळी घेतली ना? पाय जड वाटतात का? थंडी वाजते?"

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"सगळ्याला गोळी गोळी काय करतोस रे? तारीख बघ आज. तुझे अब्बा गेले तो दिवस आहे." मग कप उचलून म्हणाली, "हा गार झाला, दुसरा टाकायला सांग. आणि दुपारी फातिहा आहे, शिऱ्याला रवा संपलाय. जा, घेऊन ये."